सान निकोला बॅसिलिका, बारी

इटलीच्या आग्नेयेकडील पुल्या प्रांतात, एड्रियाटिक समुद्रावरील बारी या बंदराच्या जुन्या गावठाणात असलेले संत निकोलसचे चर्च. निकोलस हा चौथ्या शतकातील मिरा (आजच्या तुर्कस्तानातील देम्रे) येथील बिशप. पुढे सांताक्लॉज ज्याच्यावरून घडला तो हाच. हयातीत त्याचा बारीशी काही संबंध आला नाही. बारीचा तो झाला मृत्यूनंतर सातशेहून अधिक वर्षांनी.

अकराव्या शतकात मिराच्या आसपासचा मुलूख सेल्जुक तुर्कांकडे गेला आणि निकोलसच्या अस्थी आपल्या गावी आणण्यासाठी इटलीतील बंदरांत चढाओढ लागली. व्हेनिसकर टपून होतेच. त्यांच्याआधी बारीच्या खलाशांनी डाव साधला. राखणीला असलेल्या साधूंना न जुमानता त्यांनी कबर फोडली, अस्थी जहाजावर चढवल्या आणि ९ मे १०८७ रोजी बारी गाठले. बारीकर याला संताची सोडवणूक मानतात. मिराच्या लोकांना ती उघड लूट वाटली असणार, आणि हे नोंदवल्याशिवाय या चर्चचा इतिहास पुरा होत नाही.

अस्थी ठेवायच्या कुठे, यावरून गावातच तंटा पेटला. अखेर एलिया या मठाधिपतीकडे त्या सोपवल्या गेल्या आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) सुभेदाराच्या वाड्याच्या जागी नवे चर्च उभे राहू लागले. पोप दुसरा अर्बन याने १०८९ मध्ये स्वतः येऊन तळघरातील वेदीखाली अस्थींची स्थापना केली. वरच्या चर्चचे अभिमंत्रण मात्र ११९७ मध्ये झाले.

पांढऱ्या चुनखडीची ही इमारत बाहेरून गढीसारखी भक्कम व साधी आहे. पश्चिम दाराचे खांब दगडी बैलांच्या पाठीवर उभे आहेत. आतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एलियाचे म्हणून ओळखले जाणारे संगमरवरी आसन. ते पेलणाऱ्या कोरीव माणसांचे वाकलेले खांदे आणि ओझ्याने पिळवटलेले चेहरे जवळून पाहण्याजोगे आहेत. मुख्य वेदीमागे पोलंडची राणी बोना स्फोर्झा हिची कबर आहे. तिचा मृत्यू १५५७ मध्ये बारीतच झाला.

भाविकांची खरी ओढ तळघराकडे असते. चर्च कॅथलिक, डोमिनिकन साधूंच्या व्यवस्थेखालचे. तरी रशिया आणि पूर्व युरोपातील ऑर्थोडॉक्स यात्रेकरू येथे मोठ्या संख्येने येतात व त्यांचे धर्मगुरू याच कबरीपुढे आपल्या पद्धतीने उपासना करतात. ख्रिस्ती धर्मातील १०५४ च्या फुटीनंतर वेगळे झालेले हे दोन पंथ एका संतापाशी असे नेमाने एकत्र येतात, हे या स्थळाचे मोठेपण. कबरीत साचणाऱ्या स्वच्छ द्रवाला ‘मान्ना’ म्हणतात. दरवर्षी ९ मे रोजी तो काढतात आणि पाण्यात मिसळून भाविकांना देतात. त्याच दिवसांतील उत्सवात संताची मूर्ती होडीतून समुद्रात नेली जाते.

संताचे नाव शहरभर पसरले आहे. रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराने आखलेले, १९९० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेले स्टेडियमही सान निकोलाच. २०१७ मध्ये संताची एक बरगडी काही आठवड्यांसाठी मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग येथे दर्शनाला नेण्यात आली आणि नंतर बारीला परत आणली गेली.