भुसावळच्या मे महिन्यात ५.१ गिगाहर्ट्झ

माझा भाचा लग्नांचे व्हिडिओ करतो. एप्रिल-मेमध्ये मुहूर्त असेल त्या दिवशी तो रावेर, यावल, बोदवड असा कुठल्या तरी मांडवात असतो आणि मधल्या दिवसांत घराच्या वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे. गेल्या मे महिन्यात एका दुपारी तो दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. बाहेर ४५ अंश होते. आमच्याकडे त्याची बातमी होत नाही.

त्याची तक्रार साधी होती. डिसेंबरात जी फिल्म ४० मिनिटांत रेंडर व्हायची, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची शेवटची फाइल तयार व्हायची, तेवढीच फिल्म आता तासभर घेते. लॅपटॉप तोच, सॉफ्टवेअर तेच. पुण्यातल्या कुठल्याशा स्टुडिओत त्याने वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचा मोठा संगणक, पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हणून त्याने दोन प्रोसेसरची माहिती छापून आणली होती. एक त्याच्या लॅपटॉपमधला एएमडीचा रायझन ७ ७८४०यू, दुसरा त्याच कंपनीचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स. दोन्ही २०२३ सालचे.

"मामा, दोन्हीवर ५.१ गिगाहर्ट्झ लिहिलंय. उलट खालच्या ओळीत आपलाच जास्त आहे, ३.३. त्याचा २.५. मग त्याला दहा हजार डॉलर कशाचे?"

बाजारात आला तेव्हा त्या नुसत्या प्रोसेसरची किंमत खरोखरच ९,९९९ डॉलर होती, म्हणजे आठ लाखांच्या पुढे. एवढ्या पैशांत इथे ट्रॅक्टर येतो. भाचा तो घेणार नव्हता, त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतात.

आधी त्या ५.१ चा निकाल लावू. हा आकडा खोटा नाही, पण तो अख्ख्या प्रोसेसरचा नाही. प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे अनेक स्वतंत्र विभाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. लॅपटॉपच्या चिपमध्ये ते ८ आहेत, वर्कस्टेशनच्या चिपमध्ये ९६. यातल्या एखाद-दुसऱ्या कोअरला थोडा वेळ एकट्याने पळायला मिळालं, तर तो सेकंदाला ५१० कोटी ठोक्यांपर्यंत जातो. सगळे कोअर एकदम जुंपले की वेग खालच्या ओळीतल्या ३.३ किंवा २.५ कडे, म्हणजे मूळ वेगाकडे, उतरतो. कारण सगळ्यांना मिळून खायला वीज ठरलेली असते.

ती किती, हे दुसऱ्या ओळीत होतं. लॅपटॉपला २८ वॅट, वर्कस्टेशनला ३५०. मी भाच्याला भागाकार करायला लावला. २८ भागिले ८, साडेतीन. ३५० भागिले ९६, ३.६५. त्याने दोनदा करून पाहिला. दर कोअरला वाट्याला येणारी वीज जवळपास सारखीच! हिशेब ढोबळ आहे, कारण या विजेतली काही कोअरबाहेरचे भागही खातात. पण त्यातून जे कळायचं ते कळतं. वर्कस्टेशनमध्ये कुणी राक्षस बसवलेला नाही. दोन्ही चिपांमध्ये एकाच आराखड्याचे, झेन ४ नावाचे कोअर आहेत.

भुसावळच्या माणसाला हे इंजिनाच्या भाषेत लगेच पटतं. इथल्या यार्डात मालगाडीला लागणारं डब्ल्यूएजी-९ आणि मेल-एक्स्प्रेसला लागणारं डब्ल्यूएपी-७ शेजारी उभी दिसतात. दुसरं पहिल्यावरूनच बनवलेलं. ताकद दोघांची सहा हजार अश्वशक्तीच्या आसपास, मुख्य फरक गिअरच्या दातांचा. एक ताशी १०० किलोमीटरपर्यंत जातं, दुसरं १४० पर्यंत. कोणतं चांगलं, असं इथे कुणी विचारत नाही. मागे काय जोडलंय, ते विचारतात.

तर ९६ कोअरच्या मागे काय जोडायचं? इथे खरी गंमत आहे. आपल्याकडे केळीची गाडी भरतात तशी कल्पना करा. घड कापायला, वाहायला, गाडीत रचायला हवी तेवढी माणसं लावता येतात. पण काटा एकच असेल, तर वजनासाठी सगळ्यांना रांगेत थांबावंच लागतं. माणसं बारा पट केली म्हणून गाडी बारा पट लवकर भरत नाही. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हाच मुद्दा मांडला आणि तो आता त्याच्याच नावाने ओळखला जातो. समजा, एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून घेता येतो आणि ५ टक्के काट्यावरचा आहे. एका कोअरच्या तुलनेत ८ कोअर ते काम साधारण ५.९ पट लवकर करतील. ९६ कोअर? फक्त १६.७ पट. कोअर बारा पट वाढले, काम तिपटीलाही पोचलं नाही. ते पाच टक्के सगळ्यांना अडवून धरतात.

म्हणून वर्कस्टेशन कुणासाठी, हे कामाकडे पाहून ठरतं. अॅनिमेशनच्या चित्रपटाची एकेक चौकट स्वतंत्र रंगवायची असते, तिथे काटा जवळजवळ नसतोच. इमारतीवर किंवा पुलावर येणारा ताण हजारो तुकड्यांत मोजायचा असतो, हवामानाचं गणित मांडायचं असतं, तिथे ९६ हात खरोखर राबतात. पत्र टाइप करायला, जीएसटीचं रिटर्न भरायला, अगदी फोटो सुधारायलाही बहुतेक वेळ एक-दोन कोअर धावत असतात आणि बाकीचे ओट्यावर बसलेले. अशा कामात आठ लाखांची चिप आणि भाच्याची चिप यांतला फरक हाताला लागणारही नाही.

हात वाढले की त्यांना माल पुरवण्याचा प्रश्न येतो. कोअरला आकडे रॅममधून आणावे लागतात. लॅपटॉपच्या चिपला रॅमकडे जाणारे दोन रस्ते आहेत, वर्कस्टेशनला आठ. नेहमीच्या डीडीआर५ रॅमवर लॅपटॉपला सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ गीगाबाइट मिळतात, तर मोठीला ३३२.८. पण पुन्हा भागाकार करा. लॅपटॉपमध्ये दर कोअरला ११ गीगाबाइटच्या वर येतात, वर्कस्टेशनमध्ये साडेतीनसुद्धा नाहीत. म्हणजे मोठ्या घरात माणशी वाढप कमीच! ती कसर कॅशे भरून काढते. कॅशे म्हणजे चिपवरच, हाताशी ठेवलेला डबा. लॅपटॉपमध्ये तो १६ मेगाबाइटचा आहे, वर्कस्टेशनमध्ये ३८४ चा, म्हणजे दर कोअरला दुप्पट. शिवाय वर्कस्टेशनमध्ये दोन टेराबाइटपर्यंत रॅम बसते आणि ग्राफिक्स कार्ड, डिस्क वगैरे जोडायला १२८ लेन, म्हणजे ये-जा करायच्या वाटा, मिळतात. लॅपटॉपच्या चिपला २०, आणि एक चांगलं ग्राफिक्स कार्डच १६ मागतं. पैसे बरेचसे या रस्त्यांचे आहेत. ती चिप बसते त्या सॉकेटला ४,८४४ टोकं असतात, ती उगीच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. वर्कस्टेशनची रॅम ईसीसी जातीची असते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे किंवा विजेच्या गडबडीने रॅममधला एखादा शून्य क्वचित एक होऊन बसतो. ईसीसी जास्तीचे काही बिट सोबत ठेवून अशी एक चूक जागीच दुरुस्त करते, दोन झाल्या तर निदान ओरडते. लग्नाच्या फिल्ममध्ये एक ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर वरमाईच्याही लक्षात येणार नाही. पण आठवडाभर चाललेल्या पुलाच्या गणितात असा बिट नको.

आता उन्हाकडे. माझ्या मते लॅपटॉप आणि वर्कस्टेशन यांच्यातला सगळ्यात मोठा फरक कागदावर नाही, तो चिप ज्यात बसवतात त्या डब्यात आहे. चिपमध्ये गेलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. भाच्याच्या चिपचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर. तेवढ्यातून २८ वॅट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५ च्या वर. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री, तळ दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर पाच वॅट देते. तिप्पट तापट इस्त्री मांडीवर घेऊन आपण सिरियल बघत असतो.

ही उष्णता वाहून नेते ती तांब्याची चपटी नळी, हीट पाइप. आत थोडंसं पाणी, तेही कमी दाबात कोंडलेलं, त्यामुळे ते लवकर उकळतं. चिपजवळ त्याची वाफ होते, पंख्याजवळ वाफेचं पाणी होतं आणि ते नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येतं. आपल्या खिडकीतला वाळ्याचा कूलर आणि माठ यांची ही जवळची नातलग, फक्त हिचं पाणी कधी संपत नाही. आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर रुसतो, तशी ही रुसत नाही.

पण एक गोष्ट तिलाही जमत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा थंड होणं. उष्णता किती वेगाने जाईल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. या चिपची वरची मर्यादा १०० अंश. खोली २५ अंशांची असेल तर फरक ७५. भाच्याच्या माळवदाखालच्या खोलीत दुपारी ४५, फरक ५५. ज्या व्यवस्थेला हिवाळ्यात जेमतेम २८ वॅट बाहेर टाकता येत होते, तिला आता साडेवीस जमतात. मग चिप जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. बरेच लॅपटॉप बनवणारे माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरा असं छापतात, ते आमच्याकडे मार्चमध्येच बाद होतं.

वर्कस्टेशनलाही हाच नियम लागू, उलट त्याची मर्यादा ९५ अंशांची. पण त्याच्या डब्यात जागा असते. विटेएवढा धातूचा ठोकळा किंवा पाण्याचा रेडिएटर, हातभर पंखे, आणि मांडी भाजेल ही चिंता नाही. क्षमता मुळातच जास्तीची ठेवलेली असल्याने उन्हाळ्याचा फटका पचतो. त्याचा भुर्दंड दुसरीकडे. दहा तास पूर्ण जोरात चालवलं, तर नुसता प्रोसेसर साडेतीन युनिट वीज खातो, लॅपटॉपची चिप पाव युनिटच्या थोडं वर. शिवाय ते साडेतीन युनिट उष्णता होऊन त्याच खोलीत राहतात. आणि वीज गेली की लॅपटॉप चालूच राहतो, वर्कस्टेशन घरच्या इन्व्हर्टरला गुडघे टेकायला लावतं.

एवढं झाल्यावर मी भाच्याचा हिशेब पुरा करायला घेतला, आणि तिथेच अडलो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाप्रमाणे चढते. (मोठी चिप २.५ वर चालवून ९६ कोअर पोसता येतात, ते याच जोरावर.) उलट्या बाजूने पाहिलं तर वीज २७ टक्के घटली तरी वेग जेमतेम १० टक्के घटायला हवा. ४० मिनिटांची फिल्म ४४-४५ मिनिटांत व्हायला हवी. याला तास लागतो. वेग दोन तृतीयांशावर यायचा, तर चिपला आठ-साडेआठ वॅटच मिळत असणार. नुसतं ऊन एवढं करत नाही. त्याच्या सॉफ्टवेअरमधलं बरंच काम ग्राफिक्सचा भाग करतो, पण तोही त्याच चिपवर, त्याच २८ वॅटमध्ये.

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जिनिंग आहे ना रे?"

"आहे ना. सीझनभर चालते."

मी लहान पेचकस मागवला. खालचं झाकण काढलं तर पंखा बरा दिसत होता. पण पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधे करड्या कापसाची बोटभर रुंद, घट्ट गादी बसली होती. हवा पलीकडे जायला फटच नव्हती. चिमट्याने ओढली तशी ती अख्खीच बाहेर आली. ताई चहा घेऊन आली होती. तिने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, हिची समईला वात होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच फिल्मला ४६ मिनिटं लागली. आता तो मोठ्या फाइली पहाटे तीनला लावतो, गच्चीवर झोपलेला असतो तेव्हा खोली त्यातल्या त्यात निवलेली असते. डेस्कटॉपची चौकशी मात्र त्याने थांबवलेली नाही. सोळा कोअरचा पाहतोय, आणि दुकानदाराला पहिला प्रश्न डब्यात पंखे किती आणि जाळी धुता येते का, हा विचारतो.