गंज दिसतो एकीकडे, पत्रा जातो दुसरीकडे

‘पीयूसी काढलीय की, आता आणखी कसली तपासणी?’ रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. पण पीयूसी तपासते फक्त सायलेन्सरमधून निघणारा धूर. ब्रेक, स्टीअरिंग, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्याशी तिचा संबंध नाही. टॅक्सी-टेम्पोला ठरावीक मुदतीने फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची तपासणी, करून घ्यावीच लागते. खासगी गाडीला मात्र नोंदणीची १५ वर्षं संपेपर्यंत तशी सक्ती नाही. समुद्रकाठी गाडी खालून गंजते, त्यामुळे एवढं थांबणं धोक्याचं आहे.

लाटांचे खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर मीठ साचतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. म्हणून पाऊस नसताना, पडवीत नुसती उभी असलेली गाडीही खालून ओली राहते.

आता मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल पाहा. त्याच्या कडेला हवा लागते, पोटात लागत नाही. एकाच पत्र्यावर ऑक्सिजन कुठे जास्त, कुठे कमी, एवढ्या फरकावर तिथे विद्युतघट तयार होतो. ऑक्सिजन कमी असतो तिथलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड आयन बनतात. मिठाचं पाणी आयनांना वाट देतं आणि विद्युतमंडल पूर्ण होतं. क्लोराइड आयन चिखलाखाली ओढले जातात, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि झीज आणखी वाढते. विरघळलेलं लोखंड बाहेर सरकत हायड्रॉक्साइडला, ऑक्सिजनला भेटतं, तेव्हा कुठे तांबडा गंज दिसतो. म्हणजे गंज कडेला आणि भोक चिखलाखाली! त्यात आपली जांभ्याची मातीही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच तांबडी, त्यामुळे वरवर पाहून काहीच कळत नाही.

‘एकदा कोटिंग मारा, गंजाची चिंता कायमची मिटली’ या जाहिरातीला म्हणूनच भुलू नये. मीठ-चिखल नीट न काढता वर थर चढवला, तर ऑक्सिजन नसलेली तीच जागा आपण हाताने तयार करतो. लिंबू-मिरचीनेही ही रासायनिक क्रिया थांबत नाही.

ब्रेकचे पोलादी पाइप याच हवेत असतात. ब्रेक ऑइलही बाष्प शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबोली किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ऑइल उकळलं, तर वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल खाली बसतं.

पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी आणि लिफ्टवर चढवून घ्यावी. चासीचे सांधे, जॅक लावायची जागा, सस्पेन्शनचे माउंट (ते गाडीला जिथे जोडलेलं असतं त्या जागा) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायला सांगावेत. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. ब्रेक पाइपावर खवले दिसले तर नुसता रंग मारून घेऊ नये, पाइप बदलावा.