तंत्रसाहाय्य, वर्गाध्यापनातील

शिक्षकाला स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या पाठासाठी मोबाइल, संगणक, प्रोजेक्टर ही साधने वापरता यावीत म्हणून सहकारी शिक्षकाने किंवा सुलभकाने (शिकणे सोपे करून देणाऱ्या मार्गदर्शकाने) सोबत राहून केलेली मदत. एक दिवसाच्या प्रशिक्षणात साधनाची ओळख होते; तंत्रसाहाय्य पाठाच्या तयारीपासून सुरू होते आणि तास संपल्यावरच्या चर्चेपर्यंत चालते. महाराष्ट्रात असे साहाय्य करणाऱ्यास ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘टीपॅक’ आराखड्यानुसार विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्र यांचे ज्ञान एकमेकांत मिसळलेले असावे लागते. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. ‘कोणते ॲप दाखवू?’ हा प्रश्न नंतरचा, ‘मुले कुठे अडतात?’ हा आधीचा.

कोल्हापुरातील एक पाठ पाहू. घटक रेषालेख, मुले आलेख काढतात, पण प्रमाण बदलले की गोंधळतात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट इथल्या मुलांना तोंडपाठ असते. दहा दिवसांचे आकडे आधी आलेखकागदावर (१५ मिनिटे), मग स्प्रेडशीटमध्ये (१० मिनिटे). पडद्यावर उभा अक्ष शून्यापासून सुरू केला, की पाणी जेमतेम चढलेले दिसते. तोच ३० पासून सुरू केला, की रेषा कड्यासारखी उभी राहते. आकडे तेच असतात. पडद्याचे खरे काम एवढेच, कारण हातांनी दोन आलेख काढण्यात तास संपतो. उरलेला वेळ चर्चेला.

या पाठात हमखास होणारी चूक एककाची. ‘३६ फूट ५ इंच’ असे एकाच चौकटीत टाइप केल्यास स्प्रेडशीट तो मजकूर समजते आणि आलेख उमटत नाही. मग घाईने ३६.५ लिहिले जाते. पण ५ इंच म्हणजे फुटाचा ५/१२ भाग, म्हणून नोंद ३६.४२ हवी. ही चूक सुलभकाने परस्पर दुरुस्त करू नये. गणिताचा याहून चांगला तास सहसा मिळत नाही.

बाकी अडचणी साध्या, पण पाठ बुडवणाऱ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन येतो. टाइप युनिकोडमध्ये करावे आणि पीडीएफ सोबत ठेवावी. अनेक मोबाइलच्या चार्जिंग पोर्टमधून चित्र बाहेर जात नाही, त्यामुळे एचडीएमआय जोडणी घेऊनही पडदा काळाच राहतो. बिनतारी जोडणीला बहुधा दोन्ही साधने एकाच वायफायवर लागतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमधूनच स्कॅन करावा आणि त्यातील घटक आदल्या दिवशी डाउनलोड करून घ्यावा. कोल्हापूर जिल्ह्यातच शिरोळच्या सपाटीवर जे चालते ते गगनबावडा, चंदगडच्या डोंगरात पावसाळ्यात चालेलच असे नाही. तिथे नेट व वीज नाहीत असे धरूनच पाठ आखावा. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की मोबाइलचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नाही, म्हणून वेगळा स्पीकर हवाच. दिव्याचा प्रोजेक्टर बंद करताना पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नये. दिव्याचे आयुष्य घटते.

मदत टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते. रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावरून अक्षरे वाचून पाहणे ही पहिली चाचणी. पहिला पाठ दोघे मिळून घेतात, दुसऱ्यात सुलभक फक्त जोडणी सांभाळतो. तिसऱ्या पाठाला तो मागच्या बाकावर बसतो आणि पडदा काळा झाला तरी दोन मिनिटे उठत नाही. तेवढ्यात शिक्षक खडू उचलून फळ्यावर अक्ष आखतात का, हे तो नोंदवहीत लिहितो.