ल्युपस आणि न्यूमोनियाची लस : एका जुन्या भीतीची पार्श्वभूमी

ल्युपसच्या रुग्णाला न्यूमोनियाची लस सुचवली की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : लशीमुळे आजार उफाळणार तर नाही ना? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते. तिला आणखी डिवचायचं कशाला, ही शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. ती कशी फिटली हे समजायला दोन वेगवेगळे इतिहास पाहावे लागतात.

न्यूमोनियाला कारण ठरणारा न्यूमोकोकस हा जिवाणू १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला. लशीची पहिली मोठी चाचणी १९११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत झाली. दाटीवाटीच्या वस्त्यांत ठेवलेले मजूर न्यूमोनियाने पटापट मरत होते, म्हणून खाणमालकांनी ब्रिटिश लसतज्ज्ञ ऑल्मरॉथ राइट यांना बोलावलं. मारलेल्या जिवाणूंच्या त्या लशीतून ठोस काही हाती लागलं नाही. या जिवाणूचे अनेक प्रकार असतात आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालत नाही, हे तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं. आज असे शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत.

जिवाणूभोवती शर्करेचं एक आवरण असतं आणि संरक्षण त्या आवरणाविरुद्ध मिळवायचं असतं, हे पुढे स्पष्ट झालं. १९४५ मध्ये कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी चार प्रकारांच्या आवरणांपासून केलेल्या लशीची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे १७ हजार अमेरिकी सैनिक होते आणि लस उपयोगी ठरली. (आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे हे १९४४ मध्ये ओस्वाल्ड एव्हरींसोबत दाखवणारे मॅक्लाउड ते हेच. तो शोधही न्यूमोकोकसवरच्या कामातून लागला.) पण तोवर पेनिसिलिन आलं होतं. इंजेक्शनने माणूस बरा होतोय तर लस कशाला, असं वाटून ती लस बाजूला पडली.

अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ऑस्ट्रियन यांना हे पटलं नाही. ब्रुकलिनच्या रुग्णालयातल्या नोंदी तपासून त्यांनी १९६४ मध्ये दाखवलं की जंतू रक्तात उतरलेल्या रुग्णांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत दगावतात, त्यांना पेनिसिलिन फारसं वाचवू शकत नाही. औषध पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. या कहाणीतला सगळ्यात मोलाचा मुद्दा मला हाच वाटतो. त्यांच्या चिकाटीमुळे पुन्हा खाणींत चाचण्या झाल्या, १९७७ मध्ये १४ प्रकारांची आणि १९८३ मध्ये २३ प्रकारांची लस आली.

याच काळात ल्युपसचा इतिहासही बदलत होता. १९४९ नंतर कॉर्टिझोन आणि पुढची स्टेरॉइडं आली. पूर्वी हातचे जाणारे रुग्ण जगू लागले, पण संसर्गाला उघडे पडले. १९७६ मध्ये टोरँटोचे संधिवाततज्ज्ञ मरे युरोविट्झ यांनी मांडलं की ल्युपसमधले मृत्यू दोन टप्प्यांत होतात : उशिराचे हृदयविकाराने, तर सुरुवातीचे आजार भडकलेला असताना, आणि त्यांत गंभीर संसर्गाचा वाटा मोठा. न्यूमोकोकसला तर इथे नेमकं फावतं. त्याच्या आवरणामुळे पेशींना तो सहज गिळता येत नाही. त्यासाठी जंतूंवर खूण करणारी रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं आणि रक्त गाळणारी प्लीहा लागते. आजार सक्रिय असताना ही प्रथिनं घटतात, काही रुग्णांत प्लीहेचं कामही मंदावतं. त्यावर संरक्षणयंत्रणा दाबणारी औषधं : स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफिनोलेट.

म्हणून नवी लस येताच ती ल्युपसमध्ये तपासली गेली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या जॉन क्लिपेल यांच्या गटाने नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. लशीने आजार वाढल्याचं दिसलं नाही. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झाली, मात्र निरोगी माणसांपेक्षा कमी. म्हणजे भीतीची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली : लस बाधत नाही, पण पुरेशी लागू पडते का?

त्याचं उत्तर जुन्याच कामात दडलेलं होतं. नुसती शर्करा संरक्षणयंत्रणेला पुरेसं जागं करत नाही, पण प्रथिनाला जोडली तर करते, हे तत्त्व एव्हरी आणि गोबेल यांनी १९३०च्या आसपास सशांमध्ये दाखवलं होतं. त्यावर आधारलेली सात प्रकारांची कॉन्ज्युगेट (म्हणजे जोडलेली) लस २००० मध्ये बालकांसाठी आली. प्रतिकारशक्ती दबलेल्या प्रौढांना १३ प्रकारांची लस द्यावी, अशी शिफारस अमेरिकेत २०१२ मध्ये झाली. त्यानंतर १५, २० आणि २१ प्रकारांच्या लशी निघाल्या.

भारतात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर बालकांना ही लस सरकारी कार्यक्रमातून मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची स्वस्त लस तयार केली, तीही बालकांसाठी. ल्युपसच्या प्रौढ रुग्णाला मात्र न्यूमोनियाची लस स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते, आणि डॉक्टरांनी आठवणीने सुचवली तरच. ही उणीव मला फार खटकते.

आता चर्चा आहे ती वेळेची. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त चालू असेल तर शक्यतो डोस खाली येईपर्यंत थांबावं. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर पुढचा डोस जवळ आल्यावर आधी लस घ्यावी आणि रिटुक्सिमॅब किमान दोन आठवडे पुढे ढकलावं. या लशीत जिवंत जिवाणू नसल्याने तिच्यातून न्यूमोनिया होत नाही. तुमच्यासाठी कोणती आणि कधी, हे तुमचे संधिवाततज्ज्ञच ठरवतील. पुढच्या भेटीत विषय तुम्हीच काढा.