स्वरचित ठोकळा-प्रतिकृती

स्वरचित ठोकळा-प्रतिकृती : एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून, खोक्यावरच्या चित्राबरहुकूम नव्हे तर स्वतःच्या डोक्याने रचलेली वास्तू, वाहन, यंत्र किंवा देखावा. छंदिष्टांमध्ये ‘माय ओन क्रिएशन’वरून अशा रचनेला ‘मॉक’ म्हणतात. रचना उभी करणे हा या छंदाचा अर्धा भाग झाला. दुसऱ्या कुणालाही ती तशीच उभारता यावी यासाठी तुकड्यांची यादी, टप्प्याटप्प्याची कृती आणि संगणकावरची फाइल तयार करणे हा उरलेला अर्धा, आणि रचनाकाराचा कस लागतो तो इथेच.

ठोकळ्यांच्या या कुळात सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्टियानसेन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेली लेगो कंपनी. तिचे सुरुवातीचे प्लास्टिकचे ठोकळे हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या किडीक्राफ्ट ठोकळ्यांवरून घेतलेले होते. ते एकमेकांवर बसत, पण पकड धरत नसत. पोटात पोकळ नळ्या घातल्यावर पकड आली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. दोन बाय चार मापाचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हा आकडा या छंदाची ओळख करून देताना हमखास सांगितला जातो. त्यातल्या बहुतेक जोडण्या कशासारख्याच दिसत नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही.

मापे पाठ असल्याशिवाय स्वतंत्र रचना जमत नाही. दोन स्टडमधले, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांमधले, मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ८ मिमी, स्टडचा व्यास ४.८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची, म्हणजे चपट्या तुकड्याची, जाडी ३.२ मिमी. तीन प्लेटी म्हणजे एक ठोकळा. पाच प्लेटींची जाडी १६ मिमी होते आणि दोन स्टडची रुंदीही तितकीच. या एका समीकरणामुळे ठोकळे आडवे करून, स्टड बाजूला वळवून बसवता येतात आणि भिंतीवरचे नक्षीकाम, खिडक्यांच्या चौकटी, कोरीव पट्टे शक्य होतात. दोन स्टडमधली फट ८ वजा ४.८, म्हणजे नेमकी ३.२ मिमी. त्यामुळे तिथे प्लेट उभी खोचण्याचा मोह होतो. हिशेबात ती बसते, हातातही बसते, पण तुकड्यावर ताण राहतो. मुरलेले लोक अशा जोडणीला ‘इल्लीगल’ म्हणतात आणि इतरांना द्यायच्या रचनेत ती ठेवत नाहीत.

नाशिकमध्ये, एकूणच महाराष्ट्रात, या छंदाला एक जुनी पूर्वपीठिका आहे : दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, पोती आणि चिखल वापरून अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला करायचा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरायची, मावळे मांडायचे आणि आल्यागेल्याला तो दाखवायचा. दरवर्षी नवी रचना आणि शेजारच्या आळीतल्या किल्ल्यावरून सर्रास उचललेल्या युक्त्या. स्वरचना आणि देवाणघेवाण ही दोन्ही अंगे त्यात आहेतच. फरक इतकाच की मातीच्या किल्ल्याची कृती कोणी लिहून ठेवत नाही. मधल्या पिढीकडे मेकॅनिक्स या जोडणीच्या खेळण्यातल्या छिद्रांच्या पट्ट्या आणि नट-बोल्टही होते. त्यातून क्रेन आणि पूल चांगले व्हायचे, देऊळ होणे अवघड.

नाशिकच्या रचनाकाराला विषयांची ददात नाही, पण प्रत्येक विषयाची अडचण वेगळी. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या पाषाणात बांधून घेतले. म्हणून काळे ठोकळे घ्यावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काळ्या रंगात सावल्या हरवतात आणि फोटोत सगळा नुसता एक काळा डाग दिसतो. गडद करडा रंग घेऊन खाचांपुरता काळा वापरला, तर दगड दगडासारखा दिसतो. करड्याची खरेदीही जपून करावी लागते, कारण २००४ च्या सुमारास लेगोने करड्या छटा बदलून निळसर केल्या. जुने-नवे तुकडे एकत्र आले की भिंतीला ठिगळे पडल्यासारखी दिसतात.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ठोकळ्यांसाठीच घडवल्यासारखे वाटते. ते भूमिज शैलीतले आहे : मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दरम्यान छोट्या शिखरांच्या ओळी, एकीवर एक. असे एक छोटे शिखर नीट जमले की पुढे त्याच्या आवृत्त्या काढायच्या. गोम अशी की वर जाताना ही शिखरे लहान होत जातात आणि ठोकळ्यांच्या जगात एका स्टडहून बारीक फारसे काही नाही. त्यामुळे आधी सर्वांत वरची ओळ ठरवावी आणि मग खाली यावे. पायापासून सुरुवात करणारे बहुधा कळसापाशी अडकतात.

त्र्यंबक परिसरातला हरिहर किल्ला म्हणजे जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेला जिना. उताराचे तयार तुकडे, म्हणजे स्लोप, ३३, ४५, ६५ आणि ७५ अंशांत मिळतात, पण त्यांवर पायऱ्या कोरता येत नाहीत. यावरचा सोपा उपाय म्हणजे अख्खा जिना सपाट जमिनीवर रचायचा आणि खाली हिंज, म्हणजे बिजागरीचा तुकडा, लावून कड्याला टेकवायचा. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हाताने धरायच्या खोबणी आहेत. त्या दाखवल्या नाहीत तर तो हरिहर न होता कुठलाही जिना होतो. जुन्या नाशकातले वाडे हाही आवडीचा विषय आहे. दगडी जोते, चौक, सागवानी खांब हे सगळे जमते, पण खांबांसाठी लागणाऱ्या तांबूस-तपकिरी तुकड्यांना ठिसूळपणाची खोड आहे आणि जुना तुकडा सोडवताना तडकतो.

प्रमाण आधी ठरवावे लागते. हातपाय हलवणारी छोटी माणसे १९७८ पासून मिळतात. त्यांच्या उंचीशी जुळणारे प्रमाण सुमारे १:४०. या हिशेबाने २० मीटर उंचीचे शिखर ५० सेंमीचे होते, म्हणजे ५२ ठोकळ्यांची उंची, आणि तुकडे हजारांत जातात. १:२०० घेतले तर तेच शिखर १० सेंमीत मावते, पण एका स्टडमध्ये १.६ मीटर जागा जाते आणि नक्षीऐवजी घाटच दाखवता येतो. घरात जागा आणि खिशात पैसे बेताचे असतील तर दुसरा मार्ग धरावा. त्यात कसबही जास्त लागते.

इतरांना देता येईल अशी फाइल करण्याची रीत १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसीमन यांनी तयार केलेल्या एलड्रॉ या पद्धतीने रुळवली. तिच्यात प्रतिकृती म्हणजे साधा मजकूर असतो. एका ओळीत एक तुकडा, आणि त्या ओळीत त्याचा रंगक्रमांक, जागा, वळण आणि तुकड्याचा क्रमांक. काळा म्हणजे ०, दोन बाय चारचा ठोकळा म्हणजे ३००१. मापे एलड्रॉ एककात : स्टडचे अंतर २०, ठोकळ्याची उंची २४, प्लेटची ८. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत साच्यांची ड्रॉइंगे वाचणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही. आता बहुतेक जण स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते तुकडे जागच्या जागी बसवते, यादी काढते आणि कृतीची पानेही मांडून देते. पण पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसते. तिथे डौलात उभे राहिलेले शिखर टेबलावर मान टाकते. म्हणून एकदा हाताने उभारून पाहिल्याशिवाय कृती कोणाला देऊ नये. एका पायरीत पाच-सात तुकड्यांहून जास्त नकोत, आत झाकले जाणारे तुकडे भडक रंगाचे ठेवावेत म्हणजे दिशा चुकत नाही, आणि बाहेरून न दिसणाऱ्या तुकड्यांसाठी ‘कोणताही रंग चालेल’ असे लिहावे.

ही शेवटची सूचना भारतात विशेष मोलाची, कारण सुटे तुकडे मिळवणे हेच इथले मोठे दुखणे आहे. जगभरचे सुट्या तुकड्यांचे विक्रेते ब्रिकलिंक या बाजारात एकत्र येतात. २००० मध्ये सुरू झालेला हा बाजार २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. पण खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूणही सक्तीची आहे. त्यामुळे जुने संच मोडून तुकडे वेगळे करणे, आपसांत अदलाबदल करणे आणि मूळ पेटंटची मुदत संपल्यामुळे कायदेशीरपणे बनणारे इतर कंपन्यांचे जुळणारे ठोकळे वापरणे, हे तीन मार्ग उरतात. तिसऱ्याकडे नाक मुरडणारे बरेच आहेत. भिंतीच्या पोटात कोणाचा ठोकळा आहे हे बाहेरून दिसत नाही, तेव्हा त्या शुद्धतेला फारसा अर्थ नाही. बिजागऱ्या आणि भार पेलणारे जोड मात्र चांगल्या पकडीचेच हवेत.

रचना विकायची की फुकट द्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दुसऱ्याच्या कृतीत बदल करून ती पुढे देताना मूळ रचनाकाराचे नाव सांगणे हा सर्वमान्य शिरस्ता आहे. लेगो आयडियाज या योजनेत एखाद्या रचनेला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते आणि संच बाजारात आला तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. धार्मिक वास्तू आणि चिन्हे मात्र या योजनेत चालत नाहीत. कंपनीने स्वतः २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला होता, पण काळाराम किंवा गोंदेश्वर घेऊन तिथे गेलेल्याला दार बंद. त्या वाटेने जायचे असेल तर नाशिककराने हरिहरचा जिना, एखादा वाडा किंवा २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला बागलाणातला साल्हेर निवडावा.