मान्यता मिळाली म्हणजे पैसा आला का?

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं, की अमक्या प्रकल्पाला मान्यता, तमक्या योजनेला हजार कोटी, अशा बातम्या सुरू होतात. पवनी तालुक्यात माझ्या मामांची धानाची शेती आहे. अशीच एक बातमी मी त्यांना फोनवर वाचून दाखवली, तर त्यांनी एवढंच विचारलं, "मान्यता आली म्हणतेस, पण पैसा कितीक आला?"

नेमका प्रश्न तोच आहे. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचं आणि अमुक किमतीपर्यंत करायचं, हा शासनाचा निर्णय. शासन निर्णयात '...इतक्या किमतीस प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे' असं वाक्य असतं. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा वगैरे पुढे सरकतं. पण त्या वाक्याने तिजोरीतून रुपयाही हलत नाही. पैसा येतो तरतुदीतून, म्हणजे अर्थसंकल्पात त्या कामासाठी ठेवलेल्या रकमेतून. ती विधिमंडळ मंजूर करतं, तीही एका आर्थिक वर्षापुरती. मार्चच्या अर्थसंकल्पात कमी पडलं तर पुरवणी मागण्यांत वाढवून घ्यायचं, आणि हिवाळी अधिवेशनात त्या नागपुरातच मांडल्या जातात.

वैनगंगा नदीवरचा गोसीखुर्द धरणाचा प्रकल्प बघा. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. काम लांबत गेलं, तशी किंमत वाढत गेली आणि वाढीव किमतीसाठी पुन्हा पुन्हा सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागली. खात्यात तिला 'सुप्रमा' म्हणतात. २०१६ पर्यंत आकडा १८ हजार कोटींच्या पुढे गेला. काम लांबण्यामागे भूसंपादन, पुनर्वसन, निविदांतले घोळ, चौकश्या हे सगळं आलंच. पण दरवर्षी तुकड्या-तुकड्यांनी आलेला पैसा हेही मोठं कारण आहे.

मान्यतेच्या यादीत कितीही नावं घालता येतात, तरतुदीत मात्र एकाला वाढवलं की दुसऱ्याचं कमी होतं. म्हणून प्राधान्य खरं ठरतं ते तरतुदीत. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचं, म्हणजे बाकी राज्याच्या मानाने मागे राहिलेल्या सिंचनाचं, भांडण मुळात पैशाच्या वाटपाचं होतं, आणि घटनेच्या ३७१(२) कलमाखाली राज्यपालांकडे जी जबाबदारी देता येते तीसुद्धा विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मान्यता दिली. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने पश्चिम विदर्भात न्यायचं, खर्च ८० हजार कोटींच्या वर. पश्चिम विदर्भाला पाणी हवंच, त्यावर माझं दुमत नाही. पण गोसीखुर्दच्याच वितरिका आणि पाटचाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे कालवे, आधी पुऱ्या व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी बातमी आली, की अर्थसंकल्पाच्या पुस्तकात जलसंपदा विभागाच्या पानांवर त्या प्रकल्पाचं नाव शोधा. नावासमोर यंदाची रक्कम असते. ती शासन निर्णयातल्या किमतीशेजारी मांडून किती वर्षं लागतील याचा भागाकार करा. मामा तो तोंडीच करतात.