धनुष्यबाणाने मासेमारी: लाकडी बाण आणि सालीच्या दोरीची पार्श्वभूमी

धनुष्यबाणाने मासे मारण्याचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक ठिकाणी सगळं कौतुक धनुष्याचंच असतं, कुठल्या लाकडाचं, किती ताकदीचं वगैरे. मला विचाराल तर इथे धनुष्याला एवढा भाव द्यायची गरज नाही, कारण मासा बहुतेक वेळा काही पावलांवरच असतो आणि तेवढ्या अंतराला साधं धनुष्यही पुरतं. माणसाने खरं डोकं लावलंय ते बाणात आणि बाणाला बांधलेल्या दोरीत. बाण लागला म्हणजे मासा मिळाला असं होत नाही, तो खाली जातो, गवतात शिरतो, गढूळ पाण्यात दिसेनासा होतो, आणि तो परत हातात कसा आणायचा याचंच उत्तर शोधत हा सगळा प्रकार घडत गेलाय.

आता पहिली अडचण. लाकूड कुजतं, साल कुजते, हाड आणि दगड मात्र टिकतात. म्हणून म्युझियममध्ये गेलं की हाडाची टोकं दिसतात आणि दांडी-दोरीचा पत्ता नसतो. काँगोमध्ये सेमलिकी नदीकाठी कटांडा इथे उलटे काटे कोरलेली हाडाची टोकं मिळालीत, सोबत मोठ्या कॅटफिशची हाडं, आणि त्यांचं वय सुमारे 90 हजार वर्षं धरतात. ती भाल्याची किंवा हार्पूनची (दोरी बांधून फेकायच्या भाल्याची) टोकं, बाणाची नव्हेत, पण लागलेला मासा सुटू नये म्हणून उलटा काटा हवा ही अक्कल तेव्हाच आली होती हे नक्की. श्रीलंकेतल्या फा-हिएन लेना गुहेत सुमारे 48 हजार वर्षांपूर्वीची हाडाची टोकं मिळाली, ती बाणाची असावीत असं अभ्यासकांनी 2020 मध्ये मांडलं, आणि तिथले लोक गोड्या पाण्यातले मासे खात होते याच्या खुणाही तिथेच आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गुहेत आहेत म्हणून बाणाने मासे मारले असा सरळ निष्कर्ष काढू नका, पण सामान सगळं जवळ होतं एवढं म्हणता येतं. जुन्या इजिप्तच्या थडग्यांतली चित्रं या बाबतीत बरेच लोक पुरावा म्हणून दाखवतात, त्यात मासे मारताना हातात असतो तो दोन टोकांचा भाला. धनुष्य नाही.

दोरीचा पुरावा तर त्याहून नाजूक. फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास इथे निअँडरथल (आपल्याआधीची, आता नामशेष झालेली मानवजात) माणसाच्या थरात एका दगडी पात्याला चिकटलेला दोरीचा तुकडा सापडला, जेमतेम 6 मिलिमीटर लांब. सूचिपर्णी झाडाच्या आतल्या सालीचे धागे, तीन वेगवेगळे पदर एका दिशेने पिळलेले आणि मग तिन्ही मिळून उलट्या दिशेने पिळलेले, वय 40 ते 50 हजार वर्षांच्या आसपास. हा उलटसुलट पीळ म्हणजेच दोरीचं सगळं शास्त्र, पदर सुटायला बघतात एका बाजूला आणि दोरी सुटायला बघते दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांना अडवून धरतात. आजही कोणी हाताने दोरी वळायला बसला तर हेच करतो, यात काही बदललेलं नाही. नंतरचा मोठा पुरावा म्हणजे अँत्रेआचं जाळं, 1913 मध्ये तेव्हाच्या फिनलंडमध्ये (आता तो भाग रशियात आहे) ओल्या कुरणात सापडलेलं, विलोच्या सालीच्या धाग्याचं, जवळपास 30 मीटर लांबीचं, दहा हजार वर्षांहून जुनं. एवढा धागा वळायला किती हात आणि किती दिवस लागले असतील याचा विचार केला की मन भरून येतं, खरंच.

बाणाच्या दांडीबद्दल बोलायचं तर जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्टेलमूर इथे 1930 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड रुस्टने पाइनचे शंभरेक बाण काढले, 11-12 हजार वर्षांपूर्वीचे. मूळ बाण दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले, पण नोंदी राहिल्या. ते रेनडिअर मारायचे बाण होते, तरीही इथे सांगतोय कारण त्यातले काही दोन भागांचे होते, मागे लांब दांडी आणि पुढे वेगळा छोटा तुकडा तिच्यात बसवलेला. पुढचं टोक तुटलं तर अख्खा बाण वाया जात नाही. आणि हेच दोन तुकडे जरा ढिले बसवले आणि मध्ये दोरी बांधली की पाण्यातल्या शिकारीचा बाण तयार होतो.

माशाचा बाण इतर बाणांपेक्षा वेगळा का दिसतो तेही इथेच सांगून टाकतो. पाणी हवेपेक्षा जवळपास 800 पट घन, त्यामुळे हलका बाण पाण्यात शिरला की जोर लगेच संपतो, म्हणून दांडी लांब आणि जड हवी, पुढे कठीण लाकडाचा तुकडा हवा. पिसं बहुतेक ठिकाणी लावतच नाहीत, एवढ्या जवळून मारायला ती लागत नाहीत आणि भिजली की उलट त्रास. टोक कधी एकच, उलट्या काट्याचं, तर कधी तीन-चार फाट्यांचं, न्यू गिनीत असे फाट्यांचे बाण भरपूर दिसतात, नेम थोडा चुकला तरी एखादा फाटा लागतो. आणि नेम चुकतोच, कारण पाण्यात मासा दिसतो तिथे नसतो, 4 फूट खोल असलेला मासा बरोब्बर वरून बघितला तर 3 फुटांवर भासतो, तिरकं बघितलं तर आणखीनच वर. म्हणून दिसतो त्याच्या खाली मारायचं. हे गणित कोणी शिकवलं नव्हतं, पोरं लहानपणापासून उथळ पाण्यात मारून मारून शिकायची.

लेखी नोंदींमध्ये मला सगळ्यात आवडते ती इंग्रज कॅप्टन जॉन स्मिथची, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाबद्दलची, 1612 सालची. तो लिहितो की इथले मूळ रहिवासी दोरीला बांधलेले लांब बाण वापरून नदीतले मासे मारतात. एवढंच एक वाक्य. पण त्याच वर्णनात दोरीबद्दलही आहे, तिथल्या बायका झाडाची साल, हरणाच्या शिरा (म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट धागे) किंवा पेमेनॉ नावाचं एक गवत हात आणि मांडीच्या मध्ये वळून एकसारखा धागा काढायच्या, आणि हा धागा घर बांधण्यापासून गळाच्या दोरीपर्यंत सगळीकडे लागायचा. म्हणजे बाण मारणारा दिसला, त्याचं नाव झालं, आणि ज्या हातांच्या जिवावर मासा काठावर यायचा ते हात एका ओळीत संपले. मला हे खटकतं, कारण दोरी तुटली तर मासाही गेला आणि बाणही गेला.

अ‍ॅमेझॉनमध्ये मात्र ही कल्पना फारच पुढे गेली. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक 1848 ते 1859 तिथे होता, त्याने नदीतल्या कासवांची शिकार जवळून बघून लिहिलीय. बाणाच्या टोकाला पोलादाचं पातं, ते एका लाकडी खुंटीत बसवलेलं, खुंटी दांडीच्या भोकात नुसती खोचलेली. खुंटी आणि दांडी यांना जोडणारी दोरी अननसाच्या पानांच्या वाखाची, 30-40 यार्ड लांब, दांडीभोवती नीट गुंडाळलेली. बाण लागला की खुंटी निसटते, कासव पातं घेऊन बुडी मारतं, दोरी दांडीवरून उलगडत जाते आणि दांडी वर तरंगत राहते. शिकारी होडीतून सावकाश दांडीपाशी जातो, दोरी हळूच ओढत कासवाला वर आणतो आणि मग दुसरा बाण मारतो. बघा, इथे दांडी एकाच वेळी बाण आहे, रीळ आहे आणि बोयाही आहे. आणि हे सगळं जमतं ते फक्त दांडी तरंगणारी आहे म्हणून.

उत्तरेला अलास्काच्या कोडिअ‍ॅक बेटांवर अलुतिक लोकांनी समुद्री ऊदमांजरासाठी तसाच बाण केला, फक्त तिथे दोरी जनावराच्या शिरांची विणलेली आणि दांडीला दोन जागी बांधलेली, त्यामुळे टोक सुटलं की दांडी पाण्यात आडवी होते आणि पळणाऱ्या प्राण्याला ओढ बसते, तो लवकर थकतो. अंदमानात उलट बघायला मिळतं. तिथले लोक उथळ पाण्यात मासे बिनदोरीच्या बाणानेच मारायचे, आणि दोरीने जोडलेलं सुटं टोक होतं ते रानडुकराच्या बाणाला, म्हणजे दांडी झाडीत अडकून डुक्कर थांबावं. समुद्री कासवासाठी सालीच्या धाग्याचा जाड दोर होता, पण तो हार्पूनला. म्हणून सगळीकडे एकाच क्रमाने प्रगती झाली असं मी तरी मानत नाही, जिथे जे नडलं तिथे ते बनलं.

नैसर्गिक दोरीचं एक मोठं दुखणं म्हणजे कुजणं. अंबाडी, ताग, फ्लॅक्स (जवसाच्या झाडाचा धागा), घायपात, काहीही घ्या, ओली गुंडाळून ठेवली की गेली, प्रत्येक वेळी पसरून वाळवावी लागते. शिरांची दोरी कोरडी असताना जबरदस्त, पण भिजली की फुगते आणि ताणते, आणि कातड्या-हाडांपासून केलेला सरस तर पाण्यात सुटतोच, त्यामुळे टोक बसवायला राळ किंवा डांबर लागतं. फ्लॅक्ससारखा वनस्पतीचा धागा मात्र भिजल्यावर आणखी मजबूत होतो, पाण्याच्या कामाला मी तरी तोच निवडेन. कुजणं लांबवायला सालीच्या काढ्यात दोरी-जाळी उकळायची पद्धत खूप जुनी, त्यातलं टॅनिन धाग्यात मुरतं. युरोपातले कोळी आधी ओकची साल वापरायचे, आणि 19व्या शतकात भारत-ब्रह्मदेशातून जाणारा कात वापरायला लागले, हो, तोच खैराचा कात जो आपण पानाला लावतो.

मग 1938 मध्ये ड्यू पाँटने नायलॉन जाहीर केलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भरीव फायबरग्लासचे बाण आले. त्याच सुमारास अमेरिकेत या खेळाला मोठं सावज तयार होतं, 1877 मध्ये सरकारने जर्मनीहून आणवलेला कार्प, जो पुढे नद्यांमध्ये बेसुमार वाढला. फायबरग्लास तुटत नाही, जड असल्याने खोल जातो, पण तो बुडतो, त्यामुळे दोरी नसेल तर बाण गेलाच. जे काम आधी दांडी तरंगून करायची ते सगळं दोरीवर आलं, आणि ही नवी दोरीही अशी की ती धनुष्यात किंवा बोटात अडकली तर तुटत नाही, बाण उलटा मारणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. यासाठी आता बाणावर सरकणारी कडी बसवतात, म्हणजे बाण ताणलेला असताना दोरी धनुष्याच्या पुढेच राहते. लाकडी बाण आणि वळलेली दोरी घेऊन पुन्हा हे करून बघणाऱ्यांनीही दोरी मागच्या खाचेला बांधू नये, टोकाच्या जवळ बांधावी, दांडीवर सैल गुंडाळावी, आणि आधी नुसत्या पाण्यात मारून ती न अडकता सुटते का ते बघावं.